आबांचं पान

१२ जानेवारी २०२५, रविवार. वडूज
आजपासून रोज लिहायचं. पहाटे पाचला उठून, चहाच्या आधी, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. मोटिव्हेशनचा प्रश्न कायमचा मिटला आहे. काल यूट्यूबवर एकजण सांगत होता, लेखक होण्यासाठी आधी मनानं लेखक व्हावं लागतं. ते मी कधीच झालोय. आता फक्त लिहिणं राहिलंय.
कादंबरी. दुष्काळ, तीन पिढ्या. दिवाळीपर्यंत पूर्ण.
मध्ये एक किरकोळ काम. राजेश्वरीचे वडील, आमचे आबा, यांचं वर्षश्राद्ध दोन मार्चला पलूसला आहे. मेव्हणा जयराज त्यांच्यावर छोटी पुस्तिका छापतोय. त्यातलं एक पान मी लिहायचं. फोनवर म्हणाला, "दाजी, तुमीच लिवा. आपल्या घरात लेखक तुमी एकटंच हाय." एक पान म्हणजे अर्ध्या तासाचं काम. वॉर्म-अप म्हणून उरकून टाकतो.

१३ जानेवारी
पाचला उठलो. थंडी लय. परत झोपलो. शिवाय उद्या संक्रांत. कुठलीही सुरुवात सणानंतर करावी.

१९ जानेवारी, रविवार
टेबल खिडकीपाशी हलवलं. राजेश्वरीनं दुसरं टोक धरलं. खाली ठेवताना म्हणाली, "आबांचं घ्या की आधी." घेतलं. बसलो. एक वाक्य लिहिलं. "आबा हसायला लागले की आधी त्यांचे खांदे हसायचे."
वाचून डोळ्यांत पाणी आलं. खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर येतं. टेबलाची जागा चुकलीच.
वाक्य खोडलं. सुरुवात कशी भारदस्त हवी. जन्म, शिक्षण, फौजेतली नोकरी. खांदे कसले!
टेबल परत जुन्या जागी. दुसरं टोक तिनंच धरलं.

२६ जानेवारी
झेंडावंदन. मी भूगोलाचा शिक्षक, तरी सूत्रसंचालन माझ्याकडेच. स्टाफरूममध्ये तानाजी सरांनी विचारलं, सध्या काय लिहिताय. कादंबरी सांगितली. तिसऱ्या पिढीपर्यंत आलो तेव्हा खोलीत शिपाई आणि मी, दोघंच होतो. घरी येऊन वाचलं की लिहिण्याआधी विषय सांगितला तर ऊर्मी जाते. तरीच आज काही सुचलं नाही. दोष तानाजी सरांचा.

२ फेब्रुवारी, रविवार
आबांचे मुद्दे काढायला बसलो.
माझी आजवर एकच गोष्ट छापून आली, सांगलीच्या एका दिवाळी अंकात. आबा तो अंक घेऊन साखर कारखान्यावर जायचे. उसाच्या गाड्या रांगेत उभ्या असायच्या, तिथं ट्रॅक्टरवाल्यांना वाचून दाखवायचे. एकानं मधेच हॉर्न वाजवला तर आबांनी त्याला फौजी शिव्या घातल्या आणि गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.
आम्हाला मूल नाही. पै-पाहुण्यांत जो भेटेल तो तेच विचारायचा. आबांनी कधी नाही. आम्ही गाडीतून उतरलो की ते दारातूनच ओरडायचे, "पावणं, फुडली गोष्ट कवा?" मग बाकीचे गप्प बसायचे. राजेश्वरी माझ्याकडे बघून हसायची. अशी हसायची की...
हे छापण्यासारखं नाही. फार खाजगी होतं. मुद्दे बाजूला ठेवले. डोकं दुखतंय. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

९ फेब्रुवारी
मोबाईलवर बोलून टाईप करायची सोय आहे असं कळलं. "आबा" म्हणालो. त्यानं "हवा" घेतलं. पुन्हा म्हणालो. "डबा". तिसऱ्यांदा माझाच आवाज बसला. तंत्रज्ञान अजून मराठीला तयार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
राजेश्वरी चहा घेऊन आली आणि समोर बसली. म्हणाली, "आवं, मी सांगते, तुम्ही नुसतं लिहून घ्या. मला जे आठवतंय ते सांगते." तिला समजावलं की ते साहित्य होत नाही, ती झाली नोंद. लेखकाला ते स्वतःतून उपसावं लागतं. तिनं ऐकून घेतलं. चहा निवल्यावर दोन्ही कप आत नेले.
नंतर दिवसभरात एकदाही आठवण केली नाही. विश्वास बसला वाटतं. असा पाठिंबा फार थोड्या लेखकांना मिळतो.

२२ फेब्रुवारी
दहावीची परीक्षा सुरू झाली. सुपरव्हिजन. पोरं तीन तास मान वर न करता लिहितात. विषय दिलेला असला की सोपं असतं.
राजेश्वरी तयारीसाठी पलूसला पुढं गेली. जयराजचा मेसेज आला, "दाजी, उद्या प्रेसला द्यायचं हाय. तुमचंच ऱ्हायलंय." संध्याकाळपर्यंत पाठवतो म्हणून कळवलं. जेवून जरा आडवा झालो. उठलो तर दिवेलागण. पण झोपेतही मेंदू आतून काम करतच असतो.

२ मार्च, रविवार. पलूस
माणसं बरीच. पुस्तिका देखणी झालीय. आबांचा गणवेशातला फोटो, शेतातला फोटो, सासूबाई बनुबाईंबरोबर औंधच्या यमाईला गेलेले तो फोटो. सातव्या पानावर ठिबक सिंचनाच्या दुकानाची जाहिरात. जयराज नजर चुकवत म्हणाला, "पान मोकळं दिसत होतं ओ, दाजी. काय तर घालावं लागलं." जाहिरातीची मांडणी बटबटीत आहे. मी लिहिलं असतं तर पुस्तिकेचा दर्जा वाढला असता.
सासूबाईंनी बाजूला बोलावलं. त्यांना वाचता येत नाही. पुस्तिका उघडून म्हणाल्या, "तुमचं कंचं पान, पावणं? जरा वाचा की." मी पानं उलटत राहिलो. मग कुणीतरी मला माईकवर बोलावलं.
बोललो. आबांवर यायच्या आधी लेखनप्रक्रियेवर थोडं बोलणं आवश्यक होतं. तिथंच वेळ संपला.
नंतर राजेश्वरी उठली. कधी चारचौघांत बोललेली नाही. म्हणाली, "शेवटी दवाखान्यात आबांना माणसं कळत नव्हती. नर्सबाई येईल तिला म्हणायचे, माझ्या राजीला जेवायला घाला, ती लांबनं आलीय. मी हातच धरून बसले होते त्यांचा. मी म्हणायचे, आबा, जेवली हो राजी. मग झोपायचे." एवढंच बोलली आणि बसली. मांडवात कुणाला कुणाकडं बघवेना.
तांत्रिकदृष्ट्या सुरुवात नव्हती, समारोपही नव्हता. हे तिला सांगणार होतो. ती आईजवळ बसली होती. गेलो नाही.

३ मार्च. वडूज
एकटाच आलो. ती म्हणाली, आईजवळ थोडे दिवस राहते. उत्तम. लेखकाला एकांत लागतो. आता कुठलीच सबब उरली नाही.

१६ मार्च, रविवार
एकांत जास्त झाला. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या की वाक्यं? भात करपला. फोन केला. सासूबाईंनी उचलला, म्हणाल्या ती रानात गेलीय. मागून तिचा आवाज येत होता.

६ एप्रिल
जयराजकडून कळलं, राजेश्वरी तिथल्या बालवाडीत शिकवायला लागलीय. मला विचारलं नाही. कादंबरीत व्यत्यय नको म्हणून विचारलं नसेल.

२० एप्रिल, रविवार
पलूसला जाऊन आलो. आणायलाच गेलो होतो. एस.टी.त एक छोटंसं भाषण तयार केलं होतं. तिच्या मांडीवरच्या परातीत शेंगा होत्या. फोडत राहिली. मी म्हणालो, सुट्टीत मी आबांवर एक पान नाही, आख्खं पुस्तक लिहितो. चल घरी.
तिनं परात खाली ठेवली. म्हणाली, "पुस्तक मागितलं होतं का मी? आबा गेले तवा तुम्ही रडला न्हाई. मला माहीत होतं, तुमचा किती जीव होता. म्हटलं, लिहिताना तरी रडाल. मग मीपण बसंन शेजारी. वरीस झालं, एकटीच रडतीय मी त्या घरात. तुम्ही भिंतीपलीकडं मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघताय. त्याचा आवाज येतो मला."
उत्तर येताना गाडीत सुचलं. पण संवाद म्हणून ते फार लांब होतं, आणि समोर कंडक्टर होता.

४ मे
काही नाही.

१ जून, रविवार
आज तिचा फोन. इतक्या दिवसांनी स्वतःहून. आवाज बरा होता. माझ्या जेवणाचं विचारलं. मग म्हणाली, "एक काम होतं. लिहायचंच हाय."
मी म्हणालो, सांग. लगेच लिहितो.
रेशनकार्डावरून तिचं नाव कमी करायचंय. पलूसला आईच्या कार्डावर चढवायचं. त्यासाठी वडूजच्या तहसील कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. ती म्हणाली, "तुमचं अक्षर चांगलं हाय. घाई न्हाई. जमेल तवा लिहा."
फोन ठेवला आणि टेबलाशी बसलो. चहा घेतला नाही. मा. तहसीलदारसो, यांस. विषय. महोदय. पेन कुठंही थांबलं नाही. एकही खाडाखोड नाही. एका बैठकीत पूर्ण.
कारण द्यावं लागतं. "अर्जदाराच्या पत्नीचे वास्तव्य बदलल्यामुळे" असं लिहिलं. वाक्य तपासलं. व्याकरणात चूक नाही. पुन्हा वाचलं, तेव्हा कागद ओला झाला आणि "पत्नीचे" वरची शाई पसरली.
खिडकी बंद होती.
दुसऱ्या कागदावर पुन्हा सगळं लिहून काढलं. उद्या देऊन येतो.