हरल्यावरच्या टाळ्या

१२ ऑक्टोबर, रविवार, कावासाकी, जपान

बरेच दिवस इथे लिहायला फिरकलो नाही, चुकलंच. आज मात्र राग मावत नाही.

माझ्या जुन्या विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ पुन्हा हरला, आता खालच्या गटात जाणार. कोचनी दुखऱ्या गुडघ्याच्या कप्तानाला शेवटपर्यंत पळवलं. मग रिवाजाप्रमाणे सगळी पोरं रांगेत येऊन प्रेक्षकांपुढे वाकली, कप्तान लंगडत. आणि आम्ही टाळ्या वाजवल्या! मीसुद्धा!

माझ्या शेजारी आमच्याच संघाचे जुने खेळाडू मोरी-सान बसले होते. मी विचारलं, "या कोचना काढणार कधी?"

"ते आम्हा सगळ्यांचे सीनियर," ते हसले. "इथे सीनियरला सांगणार कोण?"

म्हणजे पोरगा लंगडला तरी चालेल? जपानमध्ये परक्या देशाच्या माणसाने बोलावं का? पण मी संघात कधीच नव्हतो, त्यांचा ज्युनियर नाही. मग मी का गप्प?

उद्या: माजी विद्यार्थी मंडळाच्या अध्यक्षांना फोन करून कोच बदला म्हणून सांगणे.