नाक नसलेला माणूस

खालचीवाडी, ता. खेड, जि. रत्नागिरी
४ नोव्हेंबर २०२४

चि. मृणालीस, धाकूकाकाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू हो काका, हो काका म्हणत मला गुंडाळतेस, म्हणून पत्र. ग्रामपंचायतीत तुझं पोस्टर पाहिलं. कारखान्यातून गॅस सुटला तर काय करावं हे शिकवणारं म्हणे! त्यातला माणूस म्हणजे बटाट्याला हातपाय फुटलेत. त्याला नाक नाही गो! नाक नाही त्याला वास येणार कुठून, आणि वास आला नाही तर मेला पळतोय कशाला? तुझी जनीकाकू म्हणाली, एसटी चुकली असेल त्याची.

ते जाऊ दे. पुढे केवढा तो हिरवा बाण, शाळेच्या मैदानाकडे! कारखाना पश्चिमेला, शाळा पूर्वेला. दर्याकडचा वारा असला तर गॅस आपल्या आधी पोरांच्या वर्गात पोचेल. पुण्यात वारा पंख्यातून येतो, तुला हे कसं कळणार? महिनाअखेरीस सरपंच चाळीस प्रती छापतायत. त्याआधी काहीतरी कर. राग आला तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकूकाका

पुणे, ११ नोव्हेंबर

ती. काकांस, मृणालीचा सा. नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं, थोबाडीत मिळाल्यासारखं. नाक मुद्दाम दिलेलं नाही. लांबून कळावं म्हणून आकार सोपे ठेवतात. संगणकावर हे चित्र बिंदू आणि रेघांनी बांधतात. हत्तीएवढं मोठं केलं तरी रेघ फाटत नाही. तुम्ही जन्मात भिंतीला चुना सरळ लावला नाहीत आणि मला रेघ शिकवता! मैदान पंचायतीनेच ठरवलं. बाण नसला की माणसं गोंधळतात, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. आणि वारा आज इकडे, उद्या तिकडे. त्याचं चित्र काढायचं कसं? काकूला सांगा, एसटी चुकलेली नाही.

रागावलेली, तरी तुमचीच,
मृणाली

खालचीवाडी, १६ नोव्हेंबर

चि. मृणालीस आशीर्वाद.

रेघ फाटत नाही म्हणतेस. मग चूकही न फाटता हत्तीएवढी होते, एवढंच.

आता नीट वाच. शिवाकाकाची धाप बिडीमुळे आहे असं तू लहानपणापासून समजतेस. आम्हीच तसं सांगत आलो. आम्ही दोघं कामाला होतो त्या जुन्या कंपनीत एका सकाळी गॅस सुटला. भिंतीवर असाच बाण होता, गेटाकडे. शिवा शाळा शिकलेला, तो बाणाप्रमाणे पळाला. वाराही गेटाकडेच वाहत होता. मी अडाणी, खांद्यावरचा पंचा वर धरला, तो कुठे उडतो ते पाहिलं आणि वाऱ्याला आडवा पळालो. शिवाला हाका मारल्या. त्याचा माझ्यापेक्षा भिंतीवर जास्त विश्वास. म्हणून आज मी तुला टोमणे मारू शकतो आणि तो ओटीवर बसून धापा टाकतो.

तुझ्या चित्रावरही लोक विश्वास ठेवतील बाई. मला त्याचीच भीती वाटते.

धाकूकाका

पुणे, २२ नोव्हेंबर

ती. काकांस सा. नमस्कार.

दोन दिवस माउसला हात लावला नाही. मग बाण काढला. सरपंचांना सांगून छपाई थांबवली; ते चिडले, चिडू देत. नवं चित्र सोबत पाठवते. आधी पंचा वर धरायचा, वारा ओळखायचा, मग ओला पंचा तोंडावर घेऊन वाऱ्याला आडवं पळायचं. नाक दिलंय. कुणाचं, ते ओळखा.

चुकलेली,
मृणाली

खालचीवाडी, १५ डिसेंबर

चि. मृणालीस आशीर्वाद, वि. वि.

नव्या चित्रातला हिरवाही जुन्या बाणासारखा शेवाळीच आहे, ते आधी सांगून ठेवतो.

काल दुपारी सराव झाला. भोंगा वाजला तेव्हा वारा दर्याकडचा होता. जनीकाकूला अक्षर येत नाही, पण तिने चित्रातल्यासारखा पदर वर धरला आणि अख्खी वाडी वाऱ्याला आडवी, टेकडीकडे वळवली. सरपंच तेवढे सवयीने शाळेच्या मैदानात पोचले आणि एकटेच उभे राहून सगळ्यांना फोन लावत बसले. काकू अजून हसतेय.

संध्याकाळी शिवा आला. ओटीपासून तुझं नवं चित्र लावलेल्या देवळाच्या भिंतीपर्यंत चार ठिकाणी बसत आला. चित्रासमोर बराच वेळ उभा होता. मी म्हटलं, बघतोस काय, नाक तुझंच आहे, फेंदारलेलं. तो म्हणाला, नाक नाही रे, पाय बघतोय. ह्या खेपेला मी बरोबर पळतोय.



धाकूकाका