अर्ध्यावर उठलेली माणसं

४ ऑक्टोबर
आलो एकदाचे. स्टुडिओ सांगितला होता त्याहून बरा निघाला, हेच नवल. खाली दुकान, वर दोन खोल्या. बायकोने आल्या आल्या पडदे धुवायला टाकले आणि मला खिळे ठोकायला लावलं. कपाटात आधीच्या फोटोग्राफरची एक जड, जुनी लेन्स सापडली. माझ्या कॅमेऱ्याला चपखल बसली. फुकटात घबाड मिळालं म्हणायचं.

७ ऑक्टोबर
गल्लीतल्या दुकानदारांना हॅलोविनच्या जाहिरातींसाठी गाठलं. भोपळे आणि कोळ्याची जाळी कोणीही लावतं. माझी कल्पना अशी, की प्रत्येक दुकानात त्याच्या मालकाचंच भूत. दुकानात अंधार करायचा, कॅमेऱ्याला ती जुनी लेन्स लावून त्याचं शटर अर्धा मिनिट उघडं ठेवायचं. मालकाने निम्मा वेळ खुर्चीत बसायचं आणि मग चटकन बाजूला व्हायचं. फोटोत तो आरपार दिसतो.

लाईट बघायला नेहमीप्रमाणे आधी बायकोला बसवलं. लग्न झाल्यापासून हे काम तिचंच, आणि मोबदला म्हणून ती माझं डोकं खाते. स्वतःचं भूत बघून म्हणाली, निदान एका फोटोत तरी मी बारीक दिसले.

११ ऑक्टोबर
बेकरीवाला, सलूनवाला, फुलवाली, तिघांचे फोटो झाले. बेकरीवाल्याचा तर झकास, त्याच्या ढेरीतून मागचे पाव दिसतात. फुलवालीची कटकट, की मी तिला म्हातारं करून टाकलं. भुताला कसलं आलंय वय, असं मनातल्या मनात म्हणालो आणि तिला चहा पाजला.

१६ ऑक्टोबर
सलूनवाला आला. म्हणाला, आरशात मी पुसट दिसतो, गिऱ्हाइकं घाबरतात. डोळे तपासून घ्या म्हणून त्याला वाटेला लावलं. तो दारात उभा होता तेव्हा त्याच्यातून रस्ता दिसत होता. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

दुपारी बायकोने चहा आणला. तिच्या बोटांच्या आरपार कपावरची निळी नक्षी दिसली.  कप घेतला आणि चहा गार होईपर्यंत ती नक्षीच बघत बसलो.

१९ ऑक्टोबर
बेकरीवाल्याला ट्रे धरवत नाही, हातातून निसटतो. मी विचार केला, सगळे अर्ध्यावर उठले म्हणून अर्धे त्या फोटोत राहिले. मग पुन्हा बसवावं, शटर बंद होईपर्यंत उठू द्यायचं नाही. आधी त्याच्यावर करून बघू, मग बायकोला बसवू. तो बिचारा लगेच तयार झाला.

फोटो सुरेख आला. मिशीचा केस न् केस दिसतोय. समोरची खुर्ची मात्र रिकामी. त्याची बायको आतून आली, हे कुठे गेले म्हणाली. मी म्हणालो, आत्ताच बाहेर गेले.

२१ ऑक्टोबर
फुलवाली भांडायला आली. माझा फोटो पुसून टाक, आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर. पुसला.
तिची पिशवी जमिनीवर पडली. धरायला कोणी नव्हतं.

२३ ऑक्टोबर
बायकोला सगळं सांगितलं. चिडली असती तर बरं झालं असतं. नुसती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. हात फिरतोय हे दिसत होतं, लागत नव्हता. फोटो पुसायचा नाही, पुन्हा काढायचा नाही, एवढं ठरलं. पण ती रोज आणखी विरतेय. उशीवर खळगा पडत नाही. मला तिच्याशिवाय राहता येणार नाही.

२६ ऑक्टोबर
लेन्स फोडायला निघालो. तिने अडवलं — बेकरीवाल्याचा फोटो दाखवला. त्याने मान वळवली आहे. काल समोर बघत होता.
म्हणजे आत जिवंत आहे. अख्खा आहे.
ती म्हणते, मला एकटीला बसव. तू इथेच राहा, तुला काही झालेलं नाही. मी नाही म्हणालो.

२८ ऑक्टोबर
सकाळी आवाजही गेला. ओठ हलतात फक्त. आता थांबून चालणार नाही.

दुपार
दोघं बसलोय. एकाच बाकावर. कॅमेरा आपोआप सुरू होईल असा लावलाय. ती मानेने नको नको म्हणतेय. ऐकणार नाही. वही मांडीवर — हात रिकामे नकोत म्हणून —

टक् झालं. शटर उघडलं.
तिचा हात — लागतोय. ऊब आहे. भरीव. देवा, किती दिवसांनी —

ढकलतेय मला. बाकावरून. तिला वाटतंय अजून वेळ आहे, मी सुटेन —
अगं, शटर केव्हाच उघडलंय — वेडे, अर्ध्यावर नको, मग मी ना इथला ना