बेरीज १००.१

३ मार्च, सकाळी ७.१०
वस्तुस्थिती, क्रमाने. एक : हिच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, हे परवा ईसीजीने सिद्ध झाले. दोन : अशाने हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. तीन : डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी लिहून दिली. पक्षाघाताचा धोका म्हणे निम्म्याने घटतो. चार : मी विचारले, कशाच्या निम्म्याने? डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिले. पाच : चौतीस वर्षे संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या घरात ‘निम्मा’ हा शब्द कोणी पाण्याबरोबर गिळत नाही. चिठ्ठी माझ्या खिशात आहे.

४ मार्च
मूळ शोधनिबंध मिळवला. गोळीविना शंभरांत सहांना पक्षाघात, गोळी घेऊन तिघांना. सापेक्ष घट पन्नास टक्के. निव्वळ घट शंभरांत तीन. म्हणजे एकाला वाचवायला तेहेतीस जणांनी गोळी घ्यायची, त्यातल्या बत्तिसांनी फुकट. वर रक्तस्रावाची भीती. डोंगर पोखरून उंदीर! हिला समजावले. म्हणाली, अहो, त्या तेहेतिसांत मी कितवी? असे प्रश्न पहिल्या वर्षाची मुले विचारतात, म्हणालो. ही भांडी घासायला उठली.

६ मार्च
तक्ता दोनमध्ये वयोगटांच्या टक्केवारीची बेरीज १००.१ येते. तीनदा केली. ज्यांना बेरीज जमत नाही, त्यांच्या भरवशावर बायको सोडायची? लेखकांना सात कलमी ईमेल. लेखी खुलासा येईपर्यंत गोळी स्थगित. कमाल आठ दिवस.

१५ मार्च
खुलासा नाही. मुलीचा फोन, ती दुसऱ्या गावी फार्मसिस्ट आहे. म्हणाली, बाबा, तुमचे ते शंभरांत तीन दरवर्षीचे आहेत. आई अजून वीस वर्षे जगायची म्हणते आहे, करा आता बेरीज. मला ठाऊक होते, असे सांगितले.
नंतर तळटीप पाहिली. दरवर्षीचेच. इतक्या बारीक टाइपात छापणाऱ्यांच्या हेतूविषयीच शंका येते. स्मरणपत्र पाठवले, कलम आठ : टाइप.

२१ मार्च
हिने चिठ्ठी मागितली. सोमवारी बघू, म्हणालो. म्हणाली, बरं, छातीत पाखरू फडफडतंय, तोवर धरून ठेवते. विनोदबुद्धी शाबूत आहे; लक्षण चांगले.

सोमवार
गोळ्या आणल्या. सोबतचे पत्रक वाचल्याखेरीज सुरुवात नको. दोन्ही बाजूंनी छापलेले आहे. उद्या.

मंगळवार
एक बाजू झाली.

बुधवार, सकाळी
हिच्या हातून कपबशी पडली. मी आधी ओरडलो. मग तिच्या तोंडाकडे पाहिले.

२ एप्रिल
वाचा गेली. उजवा हात, उजवा पाय. डॉक्टरांनी विचारले, गोळ्या किती दिवस घेतल्या? मी तक्ता दोनविषयी सांगू लागलो. मुलगी म्हणाली, एकही नाही. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

९ एप्रिल
लेखकांचे उत्तर आले. दोन ओळी. प्रत्येक आकडा दशांशाच्या एकाच स्थळापर्यंत जवळच्या अंकाला नेल्याने बेरीज किंचित कमीजास्त होते, पत्राबद्दल आभार.
हे मी पहिल्या वर्षाला पहिल्याच आठवड्यात शिकवत असे.

१२ एप्रिल
ही घरी आली. उत्तर वाचून दाखवले. ऐकत होती, असे वाटते. तत्त्वतः माझी भूमिका योग्यच होती : शंभरांतल्या सत्त्याण्णवांना त्या वर्षी गोळीने काहीच फरक पडला नसता. तरीही नोंद पूर्ण असावी, म्हणून वहीत प्रश्न मांडले. (अ) चिठ्ठी तू एकदाच मागितलीस. पुन्हा का नाही? (आ) पाखराचे मला नीट का सांगितले नाहीस? (इ) तू तेहेतिसांत कितवी, हे सांगणे कोणत्याही शास्त्राला शक्य नव्हते, हे तुला मान्य आहे काय?
वही तिच्या मांडीवर ठेवली. पेन उजव्या हातातून घरंगळले. डाव्या हातात दिले. तिने अ, आ, इ कडे बराच वेळ पाहिले आणि डाव्या हाताने वही मिटली.
मी ती उघडली. तिन्ही प्रश्न खोडून खाली एकच लिहिला.
माझे चुकले का? कृपया उत्तर लेखी द्यावे.