गेंड्याच्या पोटात डिझेल

तीर्थस्वरूप आत्येस,

हात जोडून नमस्कार. (आज हात जोडलेलेच ठेवून लिहितोय असं समज. अक्षर त्यामुळेच वाकडं आलंय.) तुझे डोळे कसे आहेत? थेंब वेळच्या वेळी घालतेस ना? जिना चढताना गुडघा अजून कुरकुरतो का? आणि ती काळी शेळी, जी बरी करून मालकाला परत द्यायची होती आणि जी तू स्वतःच पाळून बसलीस, ती आता तुझी रोपं सोडून गवताकडे वळली का? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे तुझी सून ठीक आहे. मीही ठीक आहे असं ती सगळ्यांना सांगते, पण सांगताना माझ्याकडे बघत नाही.

पत्राला कारण गेंडा. तू गुरांची डॉक्टर म्हणून ज्या जुन्या जीपमधून डोंगर पालथे घातलेस, अडलेल्या गाईंपर्यंत चिखलातून, दगडधोंड्यांतून, एकदा तर नदीच्या पात्रातून पोचलीस, ती जीप, आपला गेंडा, तू माझ्या हवाली केलीस. डोळ्यांपायी गाडी सोडायची वेळ आली, तेव्हा सगळ्या भाचरांतून किल्ली मलाच का दिलीस, हे मला अजून उमगलेलं नाही. मी छापखान्यात मुद्रितं तपासणारा माणूस. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. स्वतःच्या चुका शोधायला मी माणूस ठेवलेला नाही, ते काम घरात फुकट होतं. किल्ली देताना तू मला बजावलं होतंस, ‘कार्बोरेटर साफ करून घे, बाकी कशाला हात लावू नकोस. चालू झाला की एकदा माझ्या दारावरून ने. बघू आवाजावरून ओळखते का.’ इतकं सोपं काम! एखाद्या शेंबड्या पोरानेही ते केलं असतं. मी शेंबडा नाही, तिथेच सगळं अडलं.

झालं असं, की गेंडा आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन उभा राहिला आणि शेजारचे सल्लागार कुंपणावरून डोकावले. (त्यांच्या दारावर पाटी आहे, पाटीवर नाव आहे, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकलेली नाही.) त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, आत पाहिलं, आणि एखाद्या घरी दुखवट्याला गेल्यासारखा चेहरा केला. ‘पेट्रोल?’ एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द असा आला, की मला एकदम घरात काहीतरी लाजिरवाणं लपवून ठेवल्यासारखं वाटलं. मग त्यांनी मला डिझेलची थोरवी सांगितली. ताकद डिझेलची, टिकाऊपणा डिझेलचा, चढावर मर्दानगी डिझेलची. मी मान हलवत राहिलो. आत्या, माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं अशी मान हलवताना आली आहेत. तुझी सून तेव्हा कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, ‘आत्यांनी सांगितलंय तेवढंच करा.’ आता हे वाक्य ती रोज न बोलता, नुसत्या भुवयांनी म्हणते.

सल्लागारांनीच मिस्त्री गाठून दिला. माणूस वाईट नाही. हाताला काम आहे, पण तोंडाला ‘होऊन जाईल’ याशिवाय दुसरा शब्द नाही. एका आपटलेल्या माल वाहणाऱ्या गाडीचं डिझेल इंजिन त्याने पैदा केलं. ते साखळीने टांगून शेडमध्ये आणलं, तेव्हा मी विचारलं, ‘हे जरा मोठं नाही का?’ म्हणाला, ‘होऊन जाईल.’ तुझं इंजिन काढायला सकाळ पुरली. ते बाहेर आलं. तेल पुसलं तर खालून स्वच्छ निघालं होतं, तू ठेवलं होतंस तसंच. मी त्याच्यावर जुनी चादर टाकली. त्याला थंडी वाजेल म्हणून नव्हे, मला बघवेना म्हणून.

नवीन इंजिन बसवायला मात्र महिन्यांवर महिने गेले. आधी ते गिअरबॉक्सला जुळेना. मधे बसणारी जाड लोखंडी तबकडी लेथवर कातून आणली, ती उलटी कातलेली निघाली. तबकडी बसली तर खालची तेलाची टाकी पुढच्या आसावर टेकली. टाकी कापून जोडली तर तेलाचा फिल्टर स्टीअरिंगच्या दांड्याला भिडला, म्हणजे चाकं उजवीकडे वळायची आणि डावीकडे वळायचं म्हटलं की नुसती विचारात पडायची. रेडिएटर पुढे सरकवला, तर बॉनेट मिटेना. मिस्त्रीने बॉनेटला भोक पाडलं. त्या भोकातून इंजिनाचं डोकं बाहेर आलं, एखादा पाहुणा खिडकीतून वाकून बघावा तसं. आणि वजन इतकं, की पुढच्या स्प्रिंगा बसल्या आणि गेंड्याने मान खाली घातली. तो ताठ उभा राहायचा, आठवतं ना? आता तो कुणीतरी रागावल्यासारखा उभा राहतो. रोज ऑफिसला जाताना मी त्याच्याकडे न बघता जायचो. दोघांनी माना खाली घालून एकमेकांना ओलांडणं बरं दिसत नाही.

यात मी स्वतः एकच काम केलं, तेल भरलं. कमी पडायला नको म्हणून गळ्यापर्यंत भरलं. (जास्त झालं तर काय होतं, हे तुला माहीत असेल. मला नव्हतं.) पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी सल्लागार इस्त्रीचा शर्ट घालून आले. मिस्त्रीने किल्ली फिरवली, इंजिन खोकलं, धडधडलं, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी त्याला चेव आला असावा. आवाज चढायला लागला. मिस्त्रीने किल्ली बंद केली, चढतच राहिला. डिझेलची नळी ओढून काढली, तरी चढतोच आहे! मी ओतलेलं जादा तेलच ते पीत सुटलं होतं. शेड निळ्या धुराने भरलं, पत्रे नाचायला लागले, सल्लागार इस्त्रीच्या शर्टासकट कुंपणावरून पलीकडे गेले. (त्या वयात ती उडी खरोखर कौतुकास्पद होती.) मिस्त्री ओरडला, ‘हवेचं तोंड बंद करा!’ मी माझंच तोंड बंद केलं. तुझी सून स्वयंपाकघरातून भाजी चिरायची फळी घेऊन धावत आली आणि इंजिनाच्या हवा घ्यायच्या तोंडावर ती थापली. फळी घट्ट चिकटली, इंजिन गुदमरलं आणि थांबलं. मग ती म्हणाली, ‘आता ही फळी धुऊन कोण देणार?’

त्यानंतर तेल काढलं, सगळं खोललं, पुन्हा बसवलं, आणि गाडी खरंच चालायला लागली. बसलं की दात वाजतात, आरशात मागचा रस्ता न दिसता नुसता पिवळसर थरकाप दिसतो, पण चालते. मी झालंगेलं विसरून आनंदात होतो. त्या आनंदाच्या भरात मी तुझं जुनं इंजिन पलीकडच्या खाडीवरच्या नावाड्याला देऊन टाकलं. शेडमध्ये जागा होईना, आणि चादरीखालचा तो उंचवटा मला रोज दिसायचा. बिघडलेलं धूड जातंय तर जाऊ दे, असं मी मनाला समजावलं.

पुढे एका सुट्टीला सहज खाडीवर गेलो. धक्क्यावर उभा होतो आणि पाण्यावरून तो आवाज आला. आत्या, मी लहानपणी सुट्टीत तुझ्याकडे यायचो तेव्हा उन्हात पायरीवर बसून ज्या आवाजाची वाट बघायचो, तोच. वळणावर जरा दबणारा, मग एकदम मोकळा होणारा. नाव भरून माणसं येत होती. मी नावाड्याला विचारलं, काय केलंस? म्हणाला, ‘काही नाही साहेब, कार्बोरेटर साफ केला.’ मी ते परत मागितलं. गयावया केली असंही म्हणता येईल. तो म्हणाला, ‘देतो की, पण मग पलीकडची पोरं शाळेत कशी यायची, तेवढं सांगा.’ मी त्याच नावेत बसून पलीकडे गेलो आणि परत आलो. नावेत कुणीतरी विचारलं, डोळ्यांत पाणी गेलं का? मी हो म्हटलं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी इतकं लांबण लावलं. गेल्या रविवारी मी तुझ्याकडे आलो होतो. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. फाटकाशी गाडी थांबवली. मी उतरायच्या आत तू ओसरीवर आलीस, खांबाला धरून, मान कलती करून ऐकत. मला वाटलं, नीट सांगावं, पाया पडावं. तेवढ्यात तू विचारलंस, ‘कुणाचा टेंपो आहे?’

मी आवाज बदलला. घोगरा केला. म्हणालो, ‘पत्ता चुकला, आजी,’ आणि गाडी मागे घेतली. तू आणखी थोडा वेळ तशीच उभी होतीस, ते मला थरथरत्या आरशातून दिसलं. तुझा हात वर गेला होता, उन्हासाठी की मला थांबवायला, मला कळलं नाही. इंजिन चुकीचं निवडणं हा गाढवपणा आहे. पण तुझ्या दारात येऊन तुलाच आजी म्हणणं, याला माझ्याकडे शब्द नाही, आणि दिवसभर मी शब्दच तपासत असतो. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. क्षमा कर असं लिहायचीही लाज वाटते, म्हणून ते शेवटी बारीक अक्षरात लिहितोय. क्षमा कर.

तुझा,
किल्लीला नालायक भाचा

ता. क. : एक लहानसं काम होतं. तुझ्या दारातून पळालो खरा, पण पुढच्याच गल्लीत गाडी बंद पडली. जुन्या टाकीतला गंज नव्या डिझेलबरोबर निघून आला आणि फिल्टर तुंबला. मी बसने परतलो. गेंडा अजून शाळेच्या भिंतीला लागून उभा आहे आणि एव्हाना मुख्याध्यापिकाबाईंनी त्याच्या काचेवर चिठ्ठी लावली असणार. कुणाला तरी सांगून तो जरा बाजूला ढकलून घेशील का? कुणाचा विचारलं तर टेंपोवाल्याचा म्हणून सांग. तू स्वतः जाऊ नकोस.

आणखी एक ता. क. : पत्र पाकिटात घालण्याआधी तुझ्या सुनेने वाचलं. शुद्धलेखनाच्या चुका काढेल असं वाटलं होतं, पण ती खुर्चीत बसून पोट धरून हसली आणि मग डोळे पुसायला लागली. तिचं तुझं फोनवर आधीच सगळं बोलणं झालंय म्हणे. इंजिन काढलं त्याच दिवशी तिने तुला कळवलं होतं. गेंडा तू रविवारी संध्याकाळीच दूधवाल्याच्या गाडीला बांधून अंगणात ओढून आणलास, टाकी धुऊन घेतलीस, आणि तो तिथे सुरू होतो. मी मात्र आठवडाभर या पत्राचे कच्चे खर्डे फाडत बसलो होतो. तू तिला काय म्हणालीस, तेही तिने सांगितलं. ‘आवाजाचं काय, नव्याची सवय करून घेईन. तो दारातून परत गेला, त्याची सवय मला करायची नाही.’

उद्या पहिल्या बसने येतोय, हे पत्र खिशात घालूनच. फाटकाशी उभा राहून माझ्याच आवाजात हाक मारीन. ओळखलीस तर दार उघड.