माय, तुझं बोट

माय, आज पुन्हा पेशी माजल्या. मेल्या असत्या तर एक वेळ सोसलं असतं. तू जिला शीर म्हणायचीस ती म्हणजे कंडरा, स्नायू हाडाला बांधणारी दोरी; माणसाच्या कंडरेतून काढलेल्या पेशी मी इथे प्रयोगशाळेत बशीत वाढवते, त्यांना वाढीचे घटक थेंबाथेंबानं देते. कमी दिले तर त्या ढिम्म राहतात. जरा जास्त झाले की एकमेकींवर चढून जाड व्रणासारखा थर धरतात. शीर जुळावी पण आजूबाजूला चिकटू नये, एवढंच मी इतकी वर्षं मागते आहे, आणि आता प्रयोगशाळेचे साहेब म्हणतात, काम आवरतं घ्या.

वाटूरच्या शिवारात ज्वारी सोंगताना विळा तुझ्या मधल्या बोटावर बसला. जालन्याच्या डॉक्टरांनी शीर शिवली आणि बजावलं, बोट थोडं थोडं हलवत राहा. आपल्याकडं मात्र दुखऱ्या अंगाला हलू न देणं हीच माया. आत्यानं हळद भरली, मुठीत कापडाचा बोळा दिला आणि सगळा पंजाच गुंडाळून टाकला. "डॉक्टर काय, सांगून मोकळा," ती म्हणाली. "तुटल्यालं कुणी हालवतं का?" बोट हलवत का नाहीस, असं मी चुलीपाशी हळूच विचारलं, तर तू म्हणालीस, "लई ठणकून राह्यलंय गं. बरं झाल्यावर हालवीन, मंग बघ." फडकं सोडलं तोवर आत सगळं चिकटलं होतं. बोट अर्धवट वाकलं ते वाकलंच.

पुढं तू भाकरी थापायचीस तेव्हा त्या बोटाचं टोक पिठात रुतायचं आणि प्रत्येक भाकरीवर एक खड्डा पडायचा. शेजारणी हसायच्या, तूही हसायचीस. पण विहिरीवर दोर हातातून निसटला की तू तोंड फिरवायचीस, ते मला दिसायचं. आता सूक्ष्मदर्शकाखाली तो थर बघते आणि बशी बाजूला ठेवते. पेशींची शेवटची कुपी उरली आहे. उद्या ती उघडायची. तीही अशीच गेली तर पुढं काय करायचं, मला बिलकुल सुचत नाही. मला फार भीती वाटते आहे, माय. एवढा जीव कुणासाठी काढता, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा मी रुग्णांचं नाव पुढं केलं.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच सांगते. घरी एकटी असले की मी माझं धडधाकट बोट वाकवून भाकरी थापते. खड्डा तुझ्यासारखा पडत नाही. तरी ती भाकरी मी शेवटी खाते.