अण्णांचा हिरवा, माझा हिरवा

१० नोव्हें., सोमवार
अण्णा लातूरहून आले. हातात वहिनींनी दिलेला डबा अन् पिशवीत स्वतःचा माऊस. माझा माऊस त्यांना चालत नाही म्हणे. जन्मभर लातुरात स्टुडिओ चालवला, मला कॅमेरा धरायला यांनीच शिकवलं, आता माझ्या नांदेडच्या स्टुडिओत कामाला. 'कामाला' म्हणायचं नाही उषाबाई, 'मदतीला' म्हणायचं. तिकडं लग्नाचे अल्बम कमी झाले, इकडं मला दोन हात कमी पडून राहिले. दोघं भाऊबहीण मिळून कायमचं जमलं तर किती बरं. जमू दे बाबा.

मांडणी अशी: बाहेर मी, कॅमेऱ्याची वायर माझ्या काँप्युटरला. फोटो काढला की लगेच त्यात. तिथून दुसरी वायर आतल्या खोलीत, अण्णांच्या काँप्युटरला. एकच काम दोन्ही पडद्यांवर उघडं. मी काढत जायचं, त्यांनी रंग बसवत जायचं. त्यांनी केलेला बदल मला दिसतो, माझा त्यांना. दुपारभर खटपट, शेवटी लागलं. आतून हाक, "उषे, तुझा फोटो आला बघ माझ्या घरी." लई हसलो.

११, मंगळवार
अर्धापूरच्या सुमनबाई केळी घेऊन आल्या. केळीवाल्या बायकांचा गट आहे त्यांचा, खोक्यावर छापायला फोटो पाहिजेत. बजावून गेल्या, "कच्ची हायत, हिरवीगारच दिसू द्या. फोटोत रंग बदलला की व्यापारी म्हणतो मालात खोट हाय."

काम झकास चाललं. दुपारी माझ्या पडद्यावर बघते तर केळी निळसर. अण्णांनी रंग बसवलेली. म्हणलं, हात चुकला असंल. पुढचा फोटो, तोच प्रकार. त्याच्या पुढचाही. सांगायला उठले, आतल्या दारापर्यंत गेले अन् "अण्णा, चहा घेता का?" विचारून परत आले. मोठा भाऊ, वर गुरू. रंग चुकला म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?

इकडून हळूच त्यांचा बदल पुसला. केळी हिरवी केली. चहा दिला.

१२, बुधवार
दिवसभर हेच. ते निळं करतात, मी पुसते. ते पुन्हा करतात. मी पुन्हा. "उषे, ही वायर माझं काम खाऊन राहिली." स्वतः चौकात जाऊन नवी आणली. जोडली. मी परत पुसलं. "ही पण तसलीच निघाली," म्हणून दुकानदाराशी भांडून आले. त्या बिचाऱ्याचा काय दोष? लाज वाटली अन् हसू पण आवरंना. तिसरी वायर उद्या.

१३, गुरुवार
माती केली मी.

सुमनबाई फोटो बघायला आल्या त्या सरळ आत अण्णांजवळ जाऊन बसल्या. मी पाणी भरायला मागं गेलेली, मला पत्ताच नाही. मी आपली पुसून राहिले. आतून बाईंचा आवाज, "अण्णा, ही काय गंमत हाय? तुम्ही निळी करून राहिले अन् आपोआप हिरवी हून राहिली." मग जरा थांबून, "आमच्या सासऱ्याला सगळं पिवळं पिवळं दिसायचं. मोतीबिंदू निघाला. तुम्हाला बी हिरवं पिवळट दिसत असंल, म्हणून निळं चढवताय. डोळे दाखवा एकदा."

अण्णा दारात आले. माझा हात माऊसवरच.

"कवापासून?"
"मंगळवारपासून."
"डोळ्याचं ऱ्हाऊ दे. तू माझ्या मागं पुसत बसलीस. तोंड नव्हतं तुला?"
"तुमचा मान..."
"ह्याला मान म्हणतीस व्हय?"

जेवले नाहीत. माऊस पिशवीत घातला अन् दुपारच्या एस.टी.नं लातूर.

१४, शुक्रवार
सुमनबाईंना माझ्या रंगाचे फोटो दिले. त्या खूश. आतल्या खोलीत गेलेच नाही आज. अण्णा परत येणार नाहीत असं वाटून राहिलं. फोन लावला, उचलला नाही.

१६, रविवार
वहिनींचा फोन. "तुमचे बंधुराज जुने अल्बम काढून बसलेत. एकेक घेऊन खिडकीत जातात. मला विचारलं, या नवरीचा शालू कोणत्या रंगाचा. मी म्हणलं लाल. तर म्हणतात, मला विटकरी दिसून राहिला."

मला फोनवरच रडू आलं.

"रडताय काय? उद्या डॉक्टरकडं चाललेत, स्वतःहून. मी दोन वर्षं सांगून राहिले, ऐकलं न्हाई. केळीवालीचं ऐकलं."

२०, गुरुवार
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. लातूरला जाऊन आले. अण्णा माझ्याशी बोलले, पण सगळं डॉक्टरणीबद्दल. पोरीचा हात हलका, अन् दवाखान्यातला चहा पांचट. कामाचं अक्षर काढलं नाही. मी पण नाही काढलं. परत येताना गाडीत स्वतःवरच चिडले. परत येता का, एवढं विचारायचं होतं. ते सोडून चहाची चव विचारत बसले.

२१, शुक्रवार
पट्टी निघाली. वहिनी सांगून राहिल्या, घरी आल्या आल्या विचारलं, "भिंतीला पांढरा रंग कवा दिला?" दिवाळीत. अण्णांनीच उभं राहून देऊन घेतला होता, मलईचा रंग समजून. वहिनी हसून हसून बेजार.

८ डिसें., सोमवार
न सांगता आले. काळा चष्मा, ऐटीत. मी पाया पडले. "ऊठ. माल आला का?" बास, एवढंच. डावा डोळा अजून राहिलाय. पडद्यापुढं एका वेळी अर्धा तास, त्याच्या वर नाही, असं डॉक्टरणीनं बजावलंय.

सुमनबाई दुसऱ्या खेपेची केळी घेऊन बसल्याच होत्या. पहिला फोटो काढला अन् माझ्या पडद्यावर बघत राहिले. रंग हलला. निळा नाही. पण माझ्यापेक्षा फिक्का.

आतून आवाज, "उषे, तुझा हिरवा लई भडक हाय. मागचे पण भडकच दिलेस तू."

हात सवयीनं माऊसवर गेला. काढून घेतला, मांडीवर ठेवला. बसल्या जागेवरून म्हणलं, "अण्णा, मला न्हाई पटत. तुमचा फिक्का हाय."

आत खुर्ची सरकली.

"मग तिथून काय सांगतीस? आत ये. अन् एक फणी घेऊन ये केळाची."

गेले. फणी पडद्याशेजारी धरली. ते एक डोळा झाकून बघतात, मग दुसरा. मला पण झाकायला लावला. फणी खिडकीत नेली, परत आणली. मी म्हणते भडक नाही, ते म्हणतात आहे. अर्धा तास कवाच संपला. सुमनबाईंनी बाहेरून विचारलं, झालं का.

दोघं एकदमच म्हणलो, "न्हाई."